रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट आणि ऑफर शीट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै उजाडला की एनबीएच्या (अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या) खेळापेक्षा एनबीएच्या हिशेबाचेच प्रश्न जास्त येतात. त्यातले अर्ध्याहून अधिक याच विषयावरचे असतात, म्हणून ते एकत्र केले आहेत. रकमा सगळ्या डॉलरमध्ये आहेत, फक्त आपल्या सवयीप्रमाणे लाख-कोटीत लिहिल्या आहेत.

1. रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट म्हणजे नेमका कोण? करार संपला की खेळाडू मोकळाच ना?

अर्धामुर्धा मोकळा. करार संपलेला असतो, इतर 29 संघांपैकी कोणाशीही तो बोलू शकतो, सही करू शकतो. पण तो करार (हीच 'ऑफर शीट') जुन्या संघाला दाखवावा लागतो, आणि 'याच अटींवर आम्हीच ठेवतो' म्हणायचा, म्हणजे 'मॅच' करायचा, पहिला हक्क जुन्या संघाचा. दोन प्रकारचे खेळाडू यात सापडतात. ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) पहिल्या फेरीत निवडले जाऊन चार वर्षांचा रूकी (नवख्याचा) करार पूर्ण केलेले, आणि लीगमध्ये तीन किंवा त्याहून कमी वर्षं झालेले बाकीचे. म्हणजे हा सगळा तरुण पोरांचा मामला आहे. तिशीतला स्टार यात कधीच नसतो.

2. संघाला हा हक्क आपोआप मिळतो का?

नाही. 29 जूनच्या आत संघाने 'क्वालिफाइंग ऑफर' द्यावी लागते. ही एका वर्षाची, पूर्ण हमीची ऑफर असते. ती दिली नाही तर खेळाडू पूर्ण मोकळा. पहिल्या फेरीतल्या खेळाडूच्या बाबतीत त्याआधी चौथ्या वर्षाचा पर्यायही (करार त्या वर्षासाठी चालू ठेवायचा हक्क) संघाने वापरलेला असावा लागतो. खरे मोठे स्टार इथपर्यंत येतच नाहीत, कारण चौथा मोसम सुरू व्हायच्या आधीच संघ त्यांना एक्स्टेन्शन (करारवाढ) देऊन टाकतो. उरतात ते, ज्यांच्या किमतीवर दोन्ही बाजूंचं एकमत होत नाही. म्हणून तर एवढी ओढाताण.

3. क्वालिफाइंग ऑफर किती रकमेची असते? सातव्या क्रमांकाच्या खेळाडूला पंचविसाव्यापेक्षा कमी कशी काय?

हा प्रश्न 2025 च्या उन्हाळ्यानंतर फार आला. 2021 च्या ड्राफ्टमध्ये जोनाथन कुमिंगा सातवा, क्वेंटिन ग्राइम्स पंचविसावा. कुमिंगाची ऑफर सुमारे 80 लाखांची, ग्राइम्सची सुमारे 87 लाखांची!

मूळ रक्कम ठरते ड्राफ्टमधल्या क्रमांकावर आणि चौथ्या वर्षाच्या पगारावर. पण त्यावर 'स्टार्टर'ची अट बसते. शेवटच्या मोसमात, किंवा शेवटच्या दोन मोसमांच्या सरासरीत, 41 सामने सुरुवातीच्या पाचात किंवा 2000 मिनिटं मैदानावर. पहिल्या चौदातल्या खेळाडूने ही अट पूर्ण केली नाही तर रक्कम पंधराव्या क्रमांकाच्या पातळीवर घसरते. दहाव्याच्या पुढच्याने पूर्ण केली तर ती नवव्याच्या पातळीवर चढते. कुमिंगा घसरला, ग्राइम्स चढला. एखादा प्रशिक्षक मार्चमध्ये एखाद्याला बाकावरून का उतरवतो, हे बघताना हा आकडा डोक्यात ठेवा. दरवेळी तेच कारण असतं असं नाही, पण एजंट मात्र मोजत बसलेला असतो.

4. ऑफर शीट कोण देऊ शकतं? आणि त्यात काहीही लिहिता येतं का?

ज्याच्याकडे सॅलरी कॅपखाली (संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेखाली) जागा आहे, किंवा पुरेल एवढं एक्सेप्शन (कॅप ओलांडायची ठरावीक सवलत) आहे, तो कोणताही संघ. शीट किमान दोन वर्षांची हवी, पर्यायी वर्षं न धरता, आणि जास्तीत जास्त चार. पाचवं वर्ष फक्त जुना संघ देऊ शकतो. वार्षिक वाढही बाहेरच्याला 5 टक्के, जुन्याला 8 टक्के.

शीट म्हणजे नुसता प्रस्ताव नव्हे, हेही लक्षात घ्या. खेळाडूची त्यावर सही असते. जुन्या संघाने मॅच केलं नाही की तोच करार. तोवर देणाऱ्या संघाची तेवढी जागा अडकून पडते. बाकीचे लोक दुकान लुटत असतात आणि तुम्ही रांगेत उभे.

5. जुन्या संघाकडे उत्तर द्यायला किती वेळ असतो?

लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या दर करारागणिक कमी होत गेलाय. 2005 च्या करारात सात दिवस, 2011 च्या करारात तीन, 2017 मध्ये दोन. 2023 च्या करारात त्यालाही कात्री लागली. शीट दुपारच्या आत हातात पडली तर दुसऱ्या रात्रीपर्यंतच मुदत. ती न्यूयॉर्कच्या घड्याळाने रात्री 11:59 ला संपते, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी साडेनऊ. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या चाहत्याला निकाल लोकलमध्ये किंवा ऑफिसात कळतो. बाजार उघडतो तो मात्र आपल्या पहाटे साडेतीनला.

मुदत कमी करण्यामागचं कारण प्रश्न 4 च्या शेवटी आहे. सात दिवस पैसे अडकवून बसायला कोणी तयार होईना.

6. मॅच करायचं म्हणजे फक्त रक्कम जुळवायची?

पगार, हप्ते, पर्याय, ट्रेड (दुसऱ्या संघाशी अदलाबदल) झाल्यास मिळणारा बोनस, सगळं जसंच्या तसं उचलावं लागतं. एक कलम आवडलं नाही म्हणून वगळता येत नाही. ब्रुकलिनचे जनरल मॅनेजर शॉन मार्क्स यांनी 2017 मध्ये वॉशिंग्टनच्या ऑटो पोर्टरला 10.6 कोटींची शीट दिली. त्यात ट्रेड झाल्यास 15 टक्के बोनस होता आणि पगाराचा मोठा भाग आगाऊ मागितला होता. वॉशिंग्टनने निमूट मॅच केलं.

माझ्या मते ऑफर शीट वाचायची रीतच ही आहे. ती खेळाडूसाठी लिहिलेली नसते, समोरच्या संघाच्या खातेवहीसाठी लिहिलेली असते. प्रत्येक कलमाला विचारायचं, हे आपल्याला परवडतं आणि त्यांना टोचतं का?

7. कॅप ओलांडून बसलेला संघ मॅच कसा करतो? हा नियमभंग नाही का?

नाही. आपल्याकडे तीन मोसम राहिलेल्या खेळाडूचे 'बर्ड राइट्स' संघाकडे असतात. त्यांच्या जोरावर कॅप ओलांडूनही त्याला कमाल पगारापर्यंत ठेवता येतं.

अडचण व्हायची ती ज्याला तीन वर्षं झालेली नाहीत त्याच्या बाबतीत. 2003 मध्ये गिल्बर्ट अरेनस गोल्डन स्टेटमध्ये होता. 2001 चा दुसऱ्या फेरीतला खेळाडू, दोनच मोसम झालेले, आणि नुकताच 'सर्वाधिक सुधारणा'चा पुरस्कार मिळालेला. वॉशिंग्टनने मोठी ऑफर दिली. गोल्डन स्टेटला त्याला ठेवायचं होतं, पण हक्क हातात असून मॅच करायला नियमात बसेल एवढा पगारच देता येईना. तो गेला. मग 2005 च्या करारात त्याच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद आली. एक-दोन वर्षं झालेल्या खेळाडूला बाहेरचा संघ पहिल्या वर्षी मिड-लेव्हल एक्सेप्शनपेक्षा (कॅपच्या वर बसलेल्या संघालाही मिळणाऱ्या मधल्या पातळीच्या सवलतीपेक्षा) जास्त देऊ शकत नाही, म्हणजे जुन्या संघाला मॅच करणं शक्य राहतं. संघांना संरक्षण मिळालं आणि त्याच तरतुदीतून नवी खोड निघाली. ती पुढच्या उत्तरात.

8. 'पॉइझन पिल' (विषाची गोळी) म्हणतात तो प्रकार काय आहे?

अरेनस तरतुदीत पहिली दोन वर्षं पगार दाबलेला असतो, पण तिसऱ्या वर्षी तो एकदम वर उडी मारू शकतो. आणि गंमत अशी की देणाऱ्या संघाच्या कॅपवर संपूर्ण कराराची सरासरी धरली जाते, तर कॅपच्या वर बसलेल्या, मॅच करणाऱ्या संघाच्या कॅपवर प्रत्येक वर्षाचा खरा आकडा.

2012 मध्ये ह्यूस्टनने न्यूयॉर्क निक्सच्या जेरेमी लिनला तीन वर्षांची सुमारे 2.5 कोटींची शीट दिली. पहिली दोन वर्षं साधारण 50-50 लाख, तिसऱ्या वर्षी जवळपास 1.5 कोटी. ह्यूस्टनच्या कॅपवर दरवर्षी सपाट 84 लाखांच्या आसपास. निक्सवर तिसऱ्या वर्षी पूर्ण बोजा, आणि वर लक्झरी टॅक्स (एकूण पगार ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावरचा दंड). लिनच्या नावाने शहर वेडं झालं होतं, तरी निक्सने मॅच केलं नाही. त्याच उन्हाळ्यात तसल्याच शीटवर ह्यूस्टनने शिकागोचा ओमेर अशिकही उचलला.

2016 मध्ये ब्रुकलिनने मायामीच्या टायलर जॉन्सनला चार वर्षांचे 5 कोटी लिहून दिले. सुरुवातीला 56 लाख, शेवटची दोन वर्षं प्रत्येकी सुमारे 1.9 कोटी. ड्वेन वेड नुकताच शिकागोला निघून गेलेला. मायामीने गोळी गिळली. फेब्रुवारी 2019 मध्ये, तो भारी आकडा सुरू झाल्यावर, त्याला फिनिक्सला पाठवून मोकळे झाले.

9. मग दरवर्षी एवढे रिस्ट्रिक्टेड खेळाडू असून ऑफर शीट इतक्या कमी का येतात?

कारण मॅच करायचा हक्क वापरावाच लागत नाही, तो आहे एवढंच पुरतं. 'कितीही ऑफर येऊ दे, आम्ही मॅच करणार' एवढी कुजबुज जुन्या संघाने पत्रकारांच्या कानी घातली की निम्मे संघ बाजूला होतात. उगाच दोन दिवस पैसे कोण अडकवणार?

2023 मध्ये लेकर्सचा ऑस्टिन रीव्ह्ज घ्या. लेकर्सना त्याला नियमानुसार चार वर्षांत फार तर सुमारे 5.4 कोटी देता येत होते. बाहेरचा संघ शेवटची वर्षं फुगवून (प्रश्न 8) साधारण 10 कोटींपर्यंत जाऊ शकत होता, आणि लेकर्सना तेही मॅच करता आलं असतं. कोणीच गेलं नाही. रीव्ह्जने 5.4 वर सही केली. जवळपास निम्मी रक्कम, तीही एकही विरोधी चाल न होता.

2025 ला तर बाजार गोठलाच. शिकागोचा जॉश गिडी, कुमिंगा, ग्राइम्स, ब्रुकलिनचा कॅम थॉमस, चौघेही सप्टेंबरपर्यंत ताटकळले. कॅपखाली भरघोस जागा जवळपास एकट्या ब्रुकलिनकडे होती. गिडीला शेवटी चार वर्षांचे 10 कोटी मिळाले. कुमिंगाने दोन वर्षांचा करार केला, त्यातलंही दुसरं वर्ष संघाच्या मर्जीवर. उरलेल्या दोघांनी क्वालिफाइंग ऑफरच उचलली.

10. जुना संघ स्वतःच आधी चांगला करार का देत नाही? 'बाहेरून भाव काढून आण' म्हणणं अपमानास्पद नाही का?

खेळाडूला तसंच वाटतं, आणि मला ते चूक वाटत नाही. पण संघाचं गणित सोपं आहे. आपण पाच वर्षं देऊ शकतो, बाहेरचा चारच. मग बाहेरच्याला आकडा लिहू दे, एक वर्षाची जोखीमही वाचेल.

2022 मध्ये फिनिक्सने डिआंड्रे एटनबरोबर हेच केलं. 2018 चा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, पण मनासारखा करार घरातून मिळाला नाही. इंडियानाने चार वर्षांचे 13.3 कोटी लिहून दिले, फिनिक्सने त्याच दिवशी मॅच केलं. आकड्यात संघाची बचत झाली, पण पुढच्याच वर्षी एटन पोर्टलंडमध्ये होता.

याला दुसरीही धार आहे. मॅच करताना समोरच्याने लिहिलेला करार गळ्यात पडतो. 2014 मध्ये शार्लटने यूटाच्या गॉर्डन हेवर्डला चार वर्षांचे 6.3 कोटी दिले, चौथं वर्ष खेळाडूच्या मर्जीवर. यूटाने मॅच केलं. तीन वर्षांनी, 2017 मध्ये, हेवर्ड तो पर्याय सोडून बॉस्टनला गेला आणि यूटाच्या हाती काहीच उरलं नाही. स्वतः पाच वर्षांचा करार आधीच केला असता तर ही वेळ आली नसती.

11. संघाला खेळाडू हवाय, खेळाडूला संघ हवाय, तरी सही आठवडाभर का लांबते?

बहुतेक वेळा 'कॅप होल्ड'मुळे. सही होईपर्यंत त्या खेळाडूची एक ठरावीक रक्कम संघाच्या हिशेबात धरलेली असते, आणि ती येऊ घातलेल्या पगारापेक्षा बरीच कमी असू शकते. टायरीस मॅक्सी, 2024: होल्ड सुमारे 1.3 कोटींचा, करार पाच वर्षांचे 20.4 कोटी. फिलाडेल्फियाने मधल्या फटीत पॉल जॉर्जला आणलं, मग मॅक्सीची सही. सॅन अँटोनियोने 2015 मध्ये क्वाय लेनर्डला असंच थांबवून आधी लामार्कस ऑल्ड्रिजला घेतलं होतं. अशा वेळी शांतता ही चांगली बातमी असते.

12. क्वालिफाइंग ऑफर स्वीकारणं शहाणपणाचं की वेडेपणाचं?

स्वीकारली की एक वर्ष कमी पैशात खेळायचं आणि पुढच्या उन्हाळ्यात पूर्ण मोकळं व्हायचं. शिवाय त्या वर्षात संमतीशिवाय ट्रेड होत नाही. स्वीकारायची मुदत साधारणपणे 1 ऑक्टोबर.

डेट्रॉइटच्या ग्रेग मनरोने 2014 मध्ये ती घेतली आणि पुढच्या वर्षी मिलवॉकीशी मोठा करार केला. माइल्स ब्रिजेसने 2023 मध्ये शार्लटकडून सुमारे 79 लाखांवर एक वर्ष काढलं आणि 2024 मध्ये तिथेच तीन वर्षांचे 7.5 कोटी मिळवले. पण नर्लेन्स नोएल 2017 मध्ये डॅलसबरोबर 41 लाखांवर थांबला. त्याने सुमारे 7 कोटींची बोलणी नाकारल्याच्या बातम्या होत्या. मोसमात अंगठा दुखावला आणि तसा आकडा पुन्हा कधी समोर आला नाही. जखमेचा धोका पूर्णपणे खेळाडूच्या अंगावर, हीच यातली मेख. कमाल पगाराच्या जवळपास ऑफर हातात असेल तर मी तरी कोणाला हा जुगार खेळायला सांगणार नाही.

13. संघ क्वालिफाइंग ऑफर मागे घेऊ शकतो का?

हो, 13 जुलैपर्यंत एकतर्फी. मग खेळाडू पूर्ण मोकळा. 2018 मध्ये मिलवॉकीने जबारी पार्करची मागे घेतली आणि तो शिकागोला गेला.

14. मॅच करायचं नाही, पण फुकट सोडायचंही नाही. काही मार्ग?

साइन-अँड-ट्रेड (स्वतः करार करून लगेच दुसऱ्या संघाला देणं), पण ऑफर शीटवर सही व्हायच्या आधी. शीट झाली की हा दरवाजा बंद. मिलवॉकीने 2019 मध्ये माल्कम ब्रॉग्डनला चार वर्षांच्या 8.5 कोटींवर इंडियानाला असंच दिलं आणि बदल्यात पहिल्या फेरीचा एक पिक (ड्राफ्टमधल्या निवडीचा हक्क) व दुसऱ्या फेरीचे दोन घेतले. 2021 मध्ये लॉरी मार्कनेन शिकागोहून क्लीव्हलँडला आणि लोंझो बॉल न्यू ऑर्लिन्सहून शिकागोला याच वाटेने गेले. शीट दिली गेली आणि मॅच केलं नाही, तर काय होतं ते 2020 मध्ये सॅक्रामेंटोला कळलं. बोगदान बोगदानोविच अटलांटाच्या 7.2 कोटींच्या शीटवर गेला, परतफेड शून्य.

15. संघ मुद्दाम खेळाडूला रिस्ट्रिक्टेड करतो असं ऐकलं. कशासाठी?

ह्यूस्टनचा चँडलर पार्सन्स. दुसऱ्या फेरीतला, 2014-15 चा त्याचा पर्याय दहा लाखांच्याही आतला. तो वापरला असता तर एक वर्ष जवळजवळ फुकट मिळालं असतं, पण 2015 मध्ये तो पूर्ण मोकळा झाला असता. ह्यूस्टनने पर्याय सोडला, म्हणजे तो वर्षभर आधी बाजारात आला पण मॅच करायचा हक्क हातात राहिला. चाल हुशारीची होती. डॅलसने तीन वर्षांचे 4.6 कोटी लिहून दिले. सही ऑरलँडोतल्या एका नाइटक्लबात झाली म्हणतात. ह्यूस्टन तोवर क्रिस बॉशसाठी जागा करत होतं, बॉश मायामीतच थांबला, आणि शेवटी ह्यूस्टनने मॅचही केलं नाही.

16. हे आयपीएलच्या 'राइट टू मॅच'सारखंच आहे ना?

कल्पना तीच, खेळ वेगळा. लिलावात सगळ्यांसमोर बोली लागते आणि खेळाडूच्या हातात काहीच नसतं. इथे बोली एकाच संघाची, बंद दाराआड, आणि खेळाडूची सही असल्याशिवाय ती अस्तित्वातच येत नाही. दुसरा फरक: 2025 च्या मोठ्या लिलावात आयपीएलने शेवटची बोली लावणाऱ्याला आणखी एकदा वाढवायची मुभा दिली. अर्शदीप सिंगवर हैदराबाद 15.75 कोटी रुपयांवर होतं, पंजाबने हक्क वापरायचं म्हटल्यावर त्यांनी 18 केले आणि पंजाबला ते द्यावे लागले. एनबीएत ही दुसरी संधी नाही. म्हणूनच इथे सगळा विषारीपणा पहिल्याच कागदात भरावा लागतो (प्रश्न 8).

17. पॉल रीडच्या करारात 'संघ दुसऱ्या फेरीत गेला तर' अशी अट होती म्हणे. हे चालतं?

चाललं. 2023 मध्ये यूटाने फिलाडेल्फियाच्या रीडला तीन वर्षांची सुमारे 2.3 कोटींची शीट दिली. संघ प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत पोहोचला तर पुढची दोन वर्षं हमीची. यूटाला तिथे पोहोचायची आशा फारशी नव्हतीच, म्हणजे त्यांना अट जवळपास फुकट. फिलाडेल्फियाला मात्र तीच अट महाग पडायची. त्यांनी मॅच केलं. पुढे 2024 मध्ये ते पहिल्याच फेरीत न्यूयॉर्ककडून हरले, हमी लागू झाली नाही आणि जुलैत रीडला सोडून दिलं.

18. मॅच करून लगेच त्याच संघाला ट्रेड केलं तर? म्हणजे काहीतरी तरी मिळेल.

पूर्वी जमायचं. 1982 मध्ये फिलाडेल्फियाने ह्यूस्टनच्या मोझेस मलोनला सहा वर्षांची 1.32 कोटींची शीट दिली. ह्यूस्टनने मॅच केलं आणि लगेच कॉल्डवेल जोन्स व पहिल्या फेरीचा पिक घेऊन त्याला फिलाडेल्फियालाच देऊन टाकलं. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फिया विजेते झाले.

आता मॅच केल्यावर वर्षभर त्या संघाला ट्रेड करता येत नाही, आणि इतर कुठे पाठवायचं तर खेळाडूची संमती लागते. पण वर्ष संपलं की वाट मोकळी. 2016 मध्ये ब्रुकलिनने ॲलन क्रॅबला 7.5 कोटी लिहून दिले होते, पोर्टलंडने मॅच केलं. जुलै 2017 मध्ये, वर्ष उलटताच, पोर्टलंडने अँड्र्यू निकल्सनच्या बदल्यात क्रॅबला ब्रुकलिनलाच पाठवलं, त्यांनीच लिहिलेल्या करारासकट.